विंग चुन: वर्गात जमतं, समोरच्याने खरा ठोसा टाकला की विस्कटतं. सराव कसा लावायचा?

मध्यरेषा
विंग चुन या चिनी युद्धकलेतले सियू निम ताउ आणि चुम किउ हे हालचालींचे संच ज्यांचे शिकून झालेत, ची साउ (हाताला हात चिकटवून जोडीने करायचा सराव) बऱ्यापैकी जमतं, पण बॉक्सिंग करणाऱ्या एखाद्याने दोन जॅब (पुढच्या हाताचे झटपट सरळ ठोसे) टाकले की हात हवेतच राहतात, त्यांच्यासाठी हा धागा. 'ही कला रस्त्यावर चालते का' हा वाद कृपया इथे नको. चालवायची असेल तर सराव कसा लावायचा, एवढंच बोलू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विंग चुन ही मनगटाला मनगट लागल्यानंतरच्या एखाद्या सेकंदाची कला आहे. त्या सेकंदात ती फार चांगली आहे. पण वर्ग सुरूच तिथून होतो, हात आधीच भिडलेले. दोन मीटरवरून तिथवर पोचायचं कसं, ते कुणी घोटून घेत नाही. जोडीदार 'ठोसा' म्हणून हात लांब करतो आणि तसाच ठेवतो, मग आपण त्यावर आरामात तीन हालचाली करतो. खरा जॅब आला त्याच वेगाने परत जातो. अडकवायला हात उरतच नाही.

दीड तासाचं सत्र मी असं लावेन: १० मिनिटं सियू निम ताउ, १५ मिनिटं ठोसे (भिंतीवरची पिशवी आणि पॅड), २० मिनिटं लांबून आत शिरणं, १५ मिनिटं ची साउ, उरलेली ३० मिनिटं विरोध करणारा जोडीदार. ची साउला एवढा कमी वेळ दिल्याबद्दल शिव्या येणार, येऊ द्यात.

कोपरखळी
शिव्या नाहीत. १५ मिनिटं पुरतात, फक्त ती ची साउ असली पाहिजे. बहुतेक ठिकाणी दोघं मिळून ताक घुसळत असतात.

मुळाशी जा, एका हाताच्या दान ची साउपाशी. पहिल्याचा तान साउ: तळहात वर, कोपर छातीपासून साधारण मूठभर पुढे. दुसऱ्याचा फूक साउ, म्हणजे वरून ठेवलेला हात, त्यावर टेकलेला. पहिला तळहाताने छातीवर मारतो. दुसरा कोपर खाली बसवून ते दाबतो (जुम साउ) आणि तिथूनच चेहऱ्याकडे ठोसा टाकतो. पहिल्याचं कोपर उचललं जाऊन बोंग साउ होतो, की दोघं मूळ जागी. हे सगळ्यांना पाठ असतं. बिघडतं ते असं की पहिल्याचा तळहात छातीच्या वीतभर अलीकडेच थांबतो. म्हणजे दुसऱ्याने काहीच केलं नाही तरी त्याला लागणार नसतं. मग त्याचा जुम साउ दिखाव्याचा, त्यातून निघणारा ठोसा दिखाव्याचा आणि त्यावरचा बोंग साउही.

उपाय साधा आहे. हळू मारा, पण छातीला लागेल असं मारा. आणि अधूनमधून, न सांगता, दुसऱ्याने हात काढून घ्यायचा. काढला की पहिल्याचा हात आपोआप पुढे गेला पाहिजे. जागच्या जागी राहिला तर तो दाब पुढे देतच नव्हता, वर किंवा बाजूला देत होता. उलट तोलच पुढे गेला, तर खांद्याने रेटणं चाललंय. 'लात साउ, जिक चुंग' (हात सुटला की सरळ पुढे) हे वचन सगळ्यांना येतं. ते अंगात उतरलंय का, हे या एका तपासणीत कळतं.

रात्रपाळी
वाचतोय. मध्यरेषा, लांबून आत शिरण्याची ती २० मिनिटं जरा फोडून सांगाल का? जॅबवर पाक साउ (तळहाताने थोपवणं) नक्की कुठल्या हाताने?

मध्यरेषा
दोघंही डावा पाय पुढे घेऊन उभे आहेत असं धरू. जॅब त्याच्या डाव्या हाताचा. पाक साउ तुमच्या मागच्या, म्हणजे उजव्या हाताने, आणि त्याच क्षणी पुढच्या डाव्या हाताचा ठोसा. आधी थोपवलं आणि मग मारलं तर उशीर झालाच.

नेहमी चुकतं ते सांगतो. पाक साउ आडवा मारला जातो. त्याचा हात मग तुमच्या डाव्या बाजूला ढकलला जातो, नेमका तुमचाच ठोसा जाणार त्या वाटेवर. तळहात पुढे आणि किंचित खाली गेला पाहिजे, जणू त्याचा हात त्याच्याच छातीला चिकटवायचाय. दुसरं, जॅब पकडायला हात लांब पुढे जातो. मुरलेला बॉक्सर पहिला जॅब खोटा टाकतो, तुमचा हात हनुवटीपासून निघाला की मागोमाग हुक (बाजूने वळून येणारा ठोसा) येतो. पाक साउ चेहऱ्यापासून वीतभर पुढे, त्याहून लांब नाही. आणि तिसरं म्हणजे पाय. हात चालतात, पाय तिथेच. पाक आणि ठोसा यांच्यासोबत पुढचं पाऊल पडलंच पाहिजे, थोडं आपल्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या डाव्या कोपराच्या बाहेर. तिथे त्याचा उजवा हात लांब पडतो.

सरावाचा क्रम: जोडीदाराने हातात ग्लोव्ह घालून खरा जॅब मारायचा, कपाळाच्या उंचीवर, आणि लगेच परत ओढायचा. सुरुवातीला काही करू नका, नुसतं मागे-बाजूला सरकून अंतर ओळखा. मग फक्त पाक. मग पाक आणि पाऊल. ठोसा सर्वांत शेवटी. तो परत ओढत असताना तुम्ही आत असायला हवं. हात धरायचा नाहीये, त्याच्या परतीच्या वाटेवर चालत जायचंय.

घासाघीस
मग हे बॉक्सिंगच झालं की. मागच्या हाताने पॅरी आणि पुढच्या हाताने जॅब.

मध्यरेषा
पहिला अर्धा सेकंद, हो. लाज कसली त्यात? फरक पुढे आहे. बॉक्सर तिथून बाहेर पडतो किंवा मिठी मारतो आणि रेफ्री सोडवतो. तुम्हाला तिथेच राहायचंय. त्याचा उजवा हात बचावाला आडवा आला तर लाप साउने खाली ओढून पुन्हा ठोसा. त्याने रेटलं तर बोंग साउ, आणि तो बोंग तिथे थांबवायचा नाही, लगेच लाप साउत किंवा ठोशात मोडायचा. बोंग साउ धरून उभा राहणाऱ्याच्या बरगड्या उघड्या पडतात.

घासाघीस
मान्य. पण रस्त्यावर जॅब मारतो कोण? उजव्या हाताचा गोल फटका येतो, किंवा डाव्या हाताने कॉलर धरून उजव्याने मार. वर्गात सगळे सरळ मध्यरेषेवर (शरीराच्या मधोमध उभी रेषा) मारतात, कारण विंग चुनवाला विंग चुनवाल्याशीच खेळतो.

गोल फटक्याला तान साउ लावायला जाऊ नका. तान साउ सरळ येणाऱ्या हाताला वळवतो. गोल हात मनगटावर अडवला तर कोपरातून वाकून मागून कानाखाली बसतोच. डावा हात बोटं पुढे करून (बिउ साउ) त्याच्या दंडावर, कोपराच्या वरच्या आतल्या बाजूला टेकवायचा, हनुवटी डाव्या खांद्याआड, आणि उजवा ठोसा त्याच वेळी. हे फक्त पाऊल पुढे टाकलं तरच चालतं. गोल फटक्याचा जोर टोकाला असतो, दंडापाशी कमी. मागे सरकलात तर नेमके टोकावर सापडता.

कॉलर धरली तर हात सोडवत बसू नका. तो हात अडकलेला आहे, तो मारू शकत नाही, दुसरा येणार आहे. त्याच्या कोपराच्या आतल्या खळगीवर जुत साउचा झटका खाली द्या. डोकं पुढे झुकतं, दुसऱ्या हाताचा तळवा तिथे तयार हवा.

हाडांचा_हिशेब
ठोशाबद्दल कुणी बोलत नाहीये म्हणून लिहिते. विंग चुनचा उभा ठोसा खालच्या तीन गाठींवर बसतो. ग्लोव्ह न घालता मुठीने डोक्यावर मारल्यावर सगळ्यांत जास्त मोडतं ते करंगळीच्या मागचं तळहातातलं हाड, गाठीच्या अगदी मागे. म्हणजे ज्या भागावर तुम्ही भार देताय तोच नाजूक. नाक, जबडा, छातीचं हाड, पोट यांना मूठ ठीक. कपाळाच्या उंचीवर तळव्याचा टाचेकडचा भाग वापरा. समोरचा ठोसा बघून डोकं खाली घालतोच, आणि तुम्ही नाकावर नेम धरलेला असतो तिथे कपाळ येतं. सियू निम ताउमध्ये तळव्याचे फटके पहिल्या भागापासून आहेत, ते शोभेला नाहीत.

दुसरं मनगट. साखळी ठोसे (एकामागोमाग एक सलग) वेगात मारताना मूठ खाली मुडपते. हवेत मारून हे कधीच कळत नाही. त्यासाठी भिंतीवरची पिशवी. कॅनव्हासची, तीन कप्प्यांची, प्रत्येक कप्पा साधारण ३० सेंमी चौरस. मधला कप्पा छातीच्या हाडाच्या उंचीवर. भरायला परंपरेने मूगच वापरतात. प्रत्येक कप्प्यात चार-पाच किलो, आणि ठासून नको. मूठ एखादा इंच आत गेली पाहिजे.

रात्रपाळी
मूग? घरात कळलं तर पिशवीआधी मलाच भिंतीवर टांगतील.

हाडांचा_हिशेब
किडका माल स्वस्तात मिळतो, तो घ्या. फक्त भरण्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर पावसाळ्यात भुंगा लागून पिठासारखा भुगा शिवणीतून गळत बसतो. डाळ नको, तिचा लवकर चुरा होतो. वाळू सुरुवातीला अजिबात नको, ती खाली बसून दगड बनते. चेन असलेली पिशवी घ्या, महिन्यातून एकदा काढून हलवता येते.

टांगायला चार इंची भिंत चालणार नाही, प्लास्टर सुटतं आणि शेजारी येतात. कॉलम शोधा, १८ मिमी प्लायवूडचा तुकडा अँकर फास्टनरने बसवा, त्यावर पिशवी. पहिले काही आठवडे प्रत्येक हाताने ५० ठोसे, अर्ध्या ताकदीने, एकेक सुटा. बघायचं एवढंच की आदळल्यावर धक्का कोपरात जातोय का. मनगटात दुखलं तर मूठ मुडपतेय. खांदा वर उडाला तर कोपर बाहेर गेलंय. साखळी ठोसे पिशवीवर नाही, पॅडवर. पॅड धरणाऱ्याने मागे चालत राहायचं, म्हणजे प्रत्येक ठोशासोबत पाऊल टाकावंच लागतं. तीन-चार ठोसे आणि थांबा. जागेवर उभं राहून वीस ठोसे मारले तर शेवटचे पंधरा नुसता आवाज असतात, कमरेतून काहीच येत नाही.

कोपरखळी
+१. आणि परतणारा हात पुढच्या हाताच्या खालून, मध्यरेषेवरच परतला पाहिजे. बऱ्याच जणांचे दोन हात सायकलच्या पेडलसारखे फिरतात, त्यातून सरळ जॅब आरपार जातो.

तांबडी_माती
तुमच्याकडे एवढं सगळं आत शिरून झाल्यावर काय? समोरचा मिठी मारतो किंवा खाली वाकून पट काढतो (पाय धरून पाडतो). ताठ उभा, गुडघे आत, कमरेतून पुढे, वजन मागच्या पायावर: दुहेरी पट काढायला याहून सोयीचं गिऱ्हाईक नाही. लेउंग तिंग यांच्या शाखेत तर जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर ठेवायला शिकवतात. लाथ मारायला पुढचा पाय मोकळा राहतो हे खरं, पण कुस्तीगीरासमोर तो पाय म्हणजे दांडा.

करायचं काय: तो वाकला की हाताने डोकं ढकलत बसू नका. कंबर आधी मागे. दोन्ही पाय मागे फेका, छातीचा भार त्याच्या पाठीवर टाका, एक बाहू त्याच्या मानेवर आडवा. आणि उभ्यानेच मिठी पडली तर काखेतून हात आत घाला. इथे तुमचा तान साउ खरंच कामाला येतो. आतून वर-पुढे जाणारी हालचाल तीच आहे, फक्त मनगटाऐवजी दंडाशी. त्याचे हात बाहेर, तुमचे आत, एवढं साधलं तर पट निघत नाही.

हे शिकायला वेगळ्या शिक्षकाची गरज नाही. कोल्हापूर-सांगली-पुणे पट्ट्यात तालमींची वाण नाही. एखाद्या मल्लाला म्हणा, दोन मीटरवरून ये, मनात आलं तर मुठीने मार, मनात आलं तर पट काढ. एका बैठकीत दहा वेळा. पट येणार हे आधीच माहीत असलं तर कुणीही अडवतो. दोन्हींपैकी काय येणार हे माहीत नसलं की खरी परीक्षा.

रात्रपाळी
गुडघे आत म्हणालात तेव्हा आठवलं. यी जी किम यांग माच्या उभं राहण्यात गुडघे दुखतात, ते सगळ्यांचंच होतं का?

हाडांचा_हिशेब
नाही व्हायला पाहिजे. पायाची बोटं किंचित आत असतात आणि गुडघा त्या बोटांच्या दिशेलाच राहायला हवा. लोक बोटं सरळ ठेवून गुडघे एकमेकांकडे ढकलतात, मग आतल्या बाजूचे स्नायुबंध ताणतात. बोटं ४५ अंश आत वळवणं हाही अतिरेक आहे. गुडघ्यांत दोन मुठींएवढं अंतर राहू द्या, ओटीपोट थोडं वर घ्या, आणि वजन टाचांच्या जरा पुढे. वळताना (चुम किउमधलं) पाय जमिनीला चिकटलेला आणि मांडी वळलेली असली की पीळ गुडघ्यावर येतो. कंबर, गुडघा, पाऊल एकत्र वळले पाहिजेत. रबरी सोलचे बूट घालून मॅटवर वळण्याचा सराव नको.

फोशानचा_पाहुणा
थोडी इतिहासाची भर, कारण ती सरावाशी जोडलेली आहे. ही कला न्ग मुई भिक्षुणी आणि यिम विंग चुन यांच्यापासून सुरू झाली ही गोष्ट दंतकथा आहे, ती बाजूला ठेवा. पायाखाली जमीन लागते ती चीनमधल्या फोशानच्या लेउंग जान या एकोणिसाव्या शतकातल्या वैद्यापाशी. त्याचा शिष्य चान वा शुन, आणि त्याच्याकडे शिकलेला इप मान (१८९३–१९७२). इप मान यांनी १९५० पासून हाँगकाँगमध्ये उपाहारगृह कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवायला सुरुवात केली.

त्या पिढीतल्या तरुण पोरांचे सामने, त्याला बेइमो म्हणत, दुसऱ्या शैलींच्या पोरांशी गच्च्यांवर, बंद खोल्यांत व्हायचे. इप मान यांचे शिष्य वाँग शुन लेउंग यांचं नाव झालं ते तिथेच. ब्रूस लीने बरंचसं त्यांच्याकडूनच घेतलं. म्हणजे वर्गात ची साउ आणि वर्गाबाहेर खरा विरोध, अशी ती जोडी होती. पुढे शाळा वाढल्या, बेइमो गेलं आणि ची साउ एकटीच उरली. २०१८ मध्ये शू शियाओडोंग या चिनी एमएमए (मिश्र मार्शल आर्ट) लढवय्याने डिंग हाओ या विंग चुनवाल्याला पुन्हा पुन्हा खाली पाडलं, ते बघून लोक कलेला हसले. मला त्यात विरोधाची सवय नसलेला माणूस दिसला. वार आल्यावर डोळे आणि पाय काय करतात ते बघा.

कोपरखळी
त्यावर लाकडी डमीवाले सरसावतील म्हणून आधीच सांगतो. मुक यान जोंग, म्हणजे ती डमी, कोन आणि पावलांसाठी उत्तम आहे. इप मान यांच्या परंपरेत ११६ हालचाली. खोड २२-२३ सेंमी व्यासाचं, दोन आडव्या लवचिक पट्ट्यांवर बसवलेलं, म्हणजे धक्का दिला की थोडं परत येतं. तुमची रचना चुकली तर ते तुम्हालाच मागे ढकलतं, हा त्याचा उपयोग. पण हातावर हात आपटून आवाज काढणं हा सराव नाही. आणि महागड्या डमीआधी माउथगार्ड घ्या.

मध्यरेषा
आता शेवटची ३० मिनिटं, कारण दोघांनी खासगी निरोप पाठवून विचारलंय.

पायऱ्या लावा. पहिली: कुठला हात आणि कुठला वार हे ठरलेलं, फक्त वेळ न ठरलेली. दुसरी: हात कुठला ते न ठरलेलं. तिसरी: हल्ला करणाऱ्याला दुसरा वार मोकळा. पहिला अडवून तुम्ही खूश झालात की दुसरा बसतो. इथे बरेच महिने जातात आणि जायला हवेत. चौथी: तो बॉक्सिंगसारखं मोकळं खेळतो, तुम्ही विंग चुन. पाचवी: वर तांबडी_माती म्हणाले तसं मिठी आणि पटही मोकळे. प्रत्येक फेरी एक मिनिटाची आणि सुरुवात नेहमी दोन मीटरवरून. दहापैकी सहा-सात वेळा तरी हात योग्य जागी जाईपर्यंत त्या पायरीच्या पुढे जाऊ नका.

ग्लोव्ह: बोटं उघडी असलेले ७ औंसचे, म्हणजे पाक-लाप करता येतं. १६ औंसच्या बॉक्सिंग ग्लोव्हमध्ये पकड नाहीशी होते आणि ग्लोव्हच ढाल होऊन बसतात. डोक्यावर जोरात मारायची फेरी असेल तर मात्र तेच घाला, आणि ती महिन्यातून एखादीच. डोकं ठणकतंय, मळमळतंय, उजेड नकोसा वाटतोय, तर त्या दिवशी थांबायचं, आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत डोक्याला मार नाही. गुडघ्यावरची लाथ सरावात मांडीवर. डोळ्यांत बोटं, गळा, या गोष्टी विरोधासह घोटता येत नाहीत, म्हणून त्यांच्यावर योजना उभी करू नका.

बारा_भानगडी
एक कायद्याचं. भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावाला लागतं त्याहून जास्त इजा करण्याला तो लागू नाही. साखळी ठोशांची सवय इथे अंगावर येते. समोरचा खाली बसला, वळला, हात वर केले, तरी हात चालूच राहतात, कारण पॅडवर थांबायची सवयच लावलेली नसते. सीसीटीव्हीत तेवढंच दिसतं. पॅड धरणाऱ्याने मध्येच पॅड खाली टाकायचा, आणि हात त्याच क्षणी थांबून एक पाऊल मागे, हेही घोटा.

घासाघीस
चाकूबद्दल कुणीतरी विचारेल म्हणून: बात चाम दाओ (विंग चुनमधली जोड-चाकूंची कला) येतं याचा अर्थ चाकूसमोर मोकळ्या हाताने ची साउ करता येते असा नाही. पाती मनगटावर 'चिकटून' ठेवायची नसते. पळा.

रात्रपाळी
जोडीदार आठवड्यातून एकदाच मिळतो. बाकी दिवस काय?

कोपरखळी
सियू निम ताउचा पहिला भाग सावकाश, आठ-दहा मिनिटं, तान आणि फूक पुढे सरकताना कोपर आत ठेवून. मग पिशवी. मग दाराच्या चौकटीत टेनिसचा चेंडू दोरीने हनुवटीच्या उंचीवर टांगा, ढकला, आणि तो परत येताना पाक, पाऊल, ठोसा. चेंडू सरळ परत येत नाही, त्यामुळे डोळे कामाला लागतात. शेवटी दोरीवरच्या उड्या, तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. विंग चुनवाल्यांचा दम पहिल्या मिनिटालाच संपतो, आणि दम संपला की सर्वांत आधी कोपर बाहेर जातं.